हसतील त्यांचे दात

गॅरेजात हीटर लावूनही
रेझिन लवकर धरत नाही.
सुपिरियर सरोवरावरून आलेला ऑक्टोबरचा वारा
दाराच्या फटीतून शिरतो, थेट मनगटाला चावतो.
व्हर्ला हॉगेन दोन कप डोळ्यांच्या रेषेत धरते,
एकात रेझिन, एकात हार्डनर.
माप थेंबभर चुकलं
तर वस्तू जन्मभर चिकट राहते,
काही माणसांसारखी.
हे ती मोठ्याने म्हणते. ऐकायला मांजर आहे.

दात कोरून पोट भरत नाही, म्हणतात.
तिचं भरलं. एकोणचाळीस वर्षं
ती दवाखान्याच्या तळघरात
अख्ख्या गावाच्या कवळ्या कोरत बसली.
गावाने तिला पाहिलं नाही फारसं,
तिने मात्र गाव पाहिलं
आतून, वरचं आणि खालचं.
दवाखान्याला टाळं लागलं तेव्हा
प्लास्टरचे ठसे कचऱ्यात निघाले होते.
सतरा खोकी तिने घरी आणली.
खोक्यांवर तिच्याच अक्षरात आडनावं आणि साल.

दुकानातली वटवाघळं तिला नकोत,
सगळी एका साच्यातली, एका तोंडाची.
तिने ठशांवर सिलिकॉन ओतलं, साचे सोडवले,
रेझिनमध्ये अंधारात चमकणारी पूड घातली.
ढवळायचं सावकाश. घाई केली की बुडबुडे,
मग हेअर ड्रायर धरून एकेकाची मनधरणी.
वर खोकं पालथं घालायचं. दोन रात्री हात लावायचा नाही.
तरी पाद्री लिंडग्रेनच्या दाढेत
मांजराचा एक केस गेलाच,
आणि त्या भल्या माणसाला हयातभर
मांजरांची शिंक यायची.

फोनवर बहीण म्हणाली, व्हर्ला, लोक हसतील.
हसतील त्यांचे दात दिसतील, ही म्हणाली,
आणि ते तर मी पाहिलेलेच आहेत.

एकतीस तारखेला अंगणात बर्फाची भुरभुर.
झग्याखाली जाड कोट,
त्यामुळे यंदा चेटकिणी सगळ्या गुबगुबीत,
आणि एक सांगाडा तर चक्क ढेरपोट्या.
पोर्चभर माळ. बावीस जबडे, फिकट हिरवे,
वाऱ्यावर एकमेकांना वाजत.
कुणाचे आहेत? पोरं विचारत.
भुतांचे, व्हर्ला सांगे, आणि चॉकलेट देई.
खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

डेल्मर क्विस्ट नातीला घेऊन आला
आणि पायरीवरच थांबला.
नात पिशवी भरून परत फिरली, तरी हा उभाच.
डावीकडून तिसरा, तो म्हणाला.
समोरच्या दोन दातांत फट,
शेजारचा सुळा जरा आडवा,
रांगेत कुणी डोकं पुढे काढून बघावं तसा.
आई हसताना तोंडावर हात धरायची, व्हर्ला.
घरात फोटो आहेत ढीगभर, सगळ्यांत ओठ मिटलेले.
ही फट
मला फक्त स्वयंपाकघरात दिसायची,
तिचे दोन्ही हात पिठात असले की.

व्हर्लाच्या हातात चॉकलेटचं पातेलं.
काय बोलावं?
खोक्यावरचं हिल्मा क्विस्ट हे नाव
तिने वाचलं होतं. वाचूनच साचा केला होता.
वाटलं होतं, दातांकडे बघतं कोण.
काढून देऊ का?
नको, तो म्हणाला. मग म्हणाला, विझत चाललाय.
तेव्हा नात पुढे आली,
पायाच्या बोटांवर उंच झाली,
आणि आपली टॉर्च त्या जबड्याला लावून
मनात वीसपर्यंत मोजत राहिली.

सकाळी माळेतला एक हुक रिकामा.
पायरीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला
धुरावलेला मासा. चिठ्ठी नाही.
वाऱ्यावर एकवीस वाजत होते,
डावीकडे दोघांच्या मध्ये
तेवढी फट ठेवून.