पुढच्या साली पाहजा

हारलो. चारही मॅची हारलो.
लिहून ठेवलं आहे मी,
जिनिंगच्या काटापावतीच्या कोऱ्या बाजूवर:
यवतमाळसंग अठरा–शून्य,
वणीसंग चौदा–दोन,
दारव्ह्यासंग नऊ–पाच,
अन् पुसदसंग सात–सहा.
आता तुम्हीच सांगा,
हे हारणं आहे, का चढण?

पानठेल्यावर गुणवंता म्हणते,
"मापारीभाऊ, हे कोणतं क्रिकेट बाप्पा?
ना स्टंप, ना ओव्हर, पोट्ट्या नुसत्या गोल पळतात."
म्हटलं, तू सुपारी कातर.
मले तरी कुठं समजत होतं दिवाळीपर्यंत!
ढोले मॅडमनं फरशीवर खडूनं चौकोन काढून सांगतलं,
घरून निघायचं, घरीच परत यायचं,
मधात तीन ठिकाणी दम खायचा.
एवढंच बेसबॉल.

रेश्मा मडावीचा हात पाहा तुम्ही.
जवारीतले पाखरं हाकलून हाकलून तयार झालेला हात.
पहिल्या मॅचीत तिचा चेंडू कुंपणापल्याड,
एकदा तं सरपंचाच्या बुलेटवर.
पुसदच्या सात पोरी तिनंच बाद केल्या.
सात! बोटावर मोजल्या मी.

अन् मागं बसणारी ते ठेंगणी जोया,
भावाचं हेल्मेट, त्याले कूलरची जाळी तारेनं बांधलेली.
ग्लोव्ह पाहिजेत नऊ, आहेत पाच.
डाव बदलला का समोरच्या टीमकडून चार मागून आणतात.
आधी लाजत होत्या मागाले.
आता हात पुढं करतात, जसं काही उसने दिले होते.

शेवटी प्राची ढोक तिसऱ्या ठिकाणावरून निघाली,
घर दोन पावलं,
घसरली. गुडघा सोलला मुरमावर.
पंचानं अंगठा वर केला.
कोणीच बोललं नाही.
मग ते उठली, मुरूम झटकला, म्हणे,
"मॅडम, मी लवकर घसरली. पुढच्या वेळी उशिरा घसरीन."
रडली नाही.
हिशेब करून राहिली होती पोट्टी.

बावीस वर्सं काट्यावर आहो मी.
गाडी चढली का आकडा थरथरते.
सुई होती तवाही थरथरत होती,
आता लाल अक्षरं आले, ते बी थरथरतात.
नवखा मापारी झटक्यात लिहून मोकळा होते.
मी हात खिशात घालून उभा राहतो.
थांबा म्हणतो, वजन अजून बसून राहिलं आहे.

कापूस सरला. जिनिंगचं आंगण रिकामं.
शेटले म्हटलं, संध्याकाळी पोरीयले द्या.
"चारही हारलेल्या पोरीयले?"
पावती उलटून दाखवली.
शेटनं आकडे पाह्यले, वरून खाली,
मंग खालून वर,
अन् फाटकाची चाबी टेबलावर ठेवली.

नऊतल्या आठ पुढच्या सालीही शाळेतच आहेत.
परवा पेपर सरतात.
चार कोपऱ्याले चुना टाकून ठेवला आहे मी,
घराले थोडा जास्त.