तीन व्यास सोडून

शिरोलीहून टेम्पो येतो सकाळी नऊला.
पोत्यावर तेल, तेलात शाफ्ट,
आणि प्रत्येक शाफ्टच्या अंगावर एकच निळसर पट्टा,
चार बोटं रुंद.
तेवढाच भाग कॉइलमध्ये गेलेला असतो,
पाच-सहा सेकंदांत लालबुंद होतो
आणि भानावर यायच्या आत पाण्याखाली.
बाकीचा शाफ्ट आहे तसा. पट्ट्याखालचा गाभाही.
त्याला मऊच ठेवायचं असतं,
नाहीतर पहिल्या धक्क्याला दोन तुकडे.

मी उद्यमनगरातल्या गाळ्यात बसते,
जिन्याखाली, रॉकवेलच्या मशीनपाशी.
हिऱ्याचं टोक आणि शाफ्ट भिडवायचे,
आधी दहा किलो, नुसता हात ठेवल्यासारखे.
मग दीडशे.
काटा थांबला की दीडशे काढून घ्यायचे,
दहा तसेच ठेवायचे, आणि मग वाचायचं.
दाबाखाली किती आत गेलं ते नव्हे;
दाब उतरल्यावर किती उरलं, ते.
साठ. साठ. अठ्ठावन्न.
पहिलं रीडिंग आम्ही धरत नाही,
ते बूड टेकण्यात जातं.

"येवढी भोकं कशाला पाडतीस गं चांगल्या मालाला?"
रायगोंडा मगदूम. शेजारच्या गाळ्यातला.
त्याच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी
एक वीतभर झिजलेली कानस.
घसरली तर कडक, धरली तर कच्चं, झालं.
पट्ट्यावर कानस सुईंग करून निसटते
तेव्हा तो मान डावीकडं कलती करतो
आणि आकडा सांगतो.
एका आकड्यानं चुकतो कधी,
त्या दिवशी चहा त्याचा.

त्याच्या गाळ्याच्या मधोमध सिमेंटच्या विटांची भिंत आहे.
गिलावा एकाच बाजूनं.
पलीकडं धाकटा भाऊ, बाळगोंडा,
आणि सहा फुटी लेथ, जो वाटणीत तिकडं गेला.
नवी होते तेव्हा मी विचारलं होतं,
भिंत कधी घातली, काका?
त्यानं कानस खिशात ठेवली.
पासष्ट तरी असेल.

आज ट्रेनिंगला आलेली पोरगी ठशाला चिकटून ठसा घेत होती.
तिला म्हटलं, असं नाही.
मधे तीन व्यास तरी सोड.
जिथं एकदा टोचलंय
तिथली धातू भोवतीनं आवळून बसते.
तिथं पुन्हा टेकलंस तर आकडा जास्त येईल,
आणि तो मालाचा नसेल, जुन्या ठशाचा असेल.
म्हणताना माझंच लक्ष गेलं
दारात टेकून उभ्या रायगोंडाकडं.

म्हणून दुपारी चहाला भिंतीचं काढलं नाही.
विचारलं, काका, पाणी कधी मारायचं
हे तुम्हाला कुणी शिकवलं?

"कोन शिकवतंय! गुऱ्हाळात."
मग बराच वेळ कपातच बघत राहिला.
"रुईला आमची काहील हुती. पाक उकळाय लागला की
गुळव्या थेंब सोडायचा गार पान्यात.
बोटात गोळी वळली, दगडावर टणकन वाजली, की उतरा.
त्यो बाळ्या लई हावरट. पान्यात न टाकताच
उलथन्यावरचा घेतला एकदा तळहातावर."
हसला. "सालटं गेलं सगळं.
म्हैना दीड म्हैना मीच जेवू घालत हुतो त्याला.
घट्टा पडलाय अजून, हितं,"
आणि स्वतःच्याच तळहातावर अंगठा दाबून दाखवला,
अगदी थोडा दाब,
नुसता हात ठेवल्यासारखा.

भिंतीपलीकडं लेथ सुरू झाला.
त्याची मान डावीकडं कलली.
"पुढचं बेरिंग गेलंय," तो म्हणाला.
"आठवड्यात शाफ्ट खाईल. कुनीतरी सांगा जावा त्याला."
कप पालथा घातला.
"मी न्हाई."

मी वहीत लिहिलं: साठ, साठ, अठ्ठावन्न.
आणि भिंतीला वळसा घालून गेले.