भांगाचा आठवडा

साडेचारला शेवटचं पोर उतरलं
की मी शाळेची बस मेटेगनच्या धक्क्यावर लावतो.
ओडेट येते. गुडघ्यांपर्यंत चिखल,
बूट पचपचवत पायरी चढते
आणि माझ्या तोंडून निघून जातं, पाय पूस.
अकरा वर्षं हेच म्हणत आलो.

पोरांच्या बाकांवर बसतो आम्ही, मध्ये वाट,
गुडघे हनुवटीला.
यार्मथचा वकील तासाला जेवढे घेतो
तेवढ्यांचे चार तास जमले तर झेलीचे दात सरळ होतील,
हा हिशेब दोघांनाही पाठ.
एकमत म्हणावं तर तेवढंच होतं.

मी कागदावर चौकटी आखून आणल्या होत्या.
सोम-मंगळ तिचे, बुध-गुरू माझे,
शुक्रवारपासून पुढे आळीपाळीने.
मी बसवाला. सात बावीस म्हणजे सात बावीस.
तिने कागद हातात घेतला,
नखांतली रेती चौकटींवर सांडली.
"समुद्राला बुधवार कळत नाही, आन्सेल्म."

तीन बुधवार भांडलो.
पहिल्या बुधवारी मी तिच्या आईवर गेलो.
दुसऱ्या बुधवारी ती माझ्या बाटलीवर आली,
जी सुटून दोन वर्षं झाली, हे ठाऊक असून.
तिसऱ्या बुधवारी कुणीच काही बोललं नाही.
पाऊस नसताना मी वायपर लावला, बंद केला.

मग तिने कोटाच्या खिशातून
भरती-ओहोटीची पुस्तिका काढली,
मिठाने फुगलेली, पानोपानी पेन्सिलच्या खुणा.
अमावस्या, पौर्णिमा: उधाण.
पाणी पार मैलभर मागे सरतं,
तेव्हा तिसऱ्या खणायच्या,
मग पहाटेचे तीन असोत की नाताळची सुट्टी.
मधले दिवस भांगाचे.
पाणी अर्ध्यातच अडतं, कमाई नाही,
बाई घरी.

अकरा वर्षं त्या घरात झोपलो.
ती न सांगता उठून जायची
त्याला मी स्वभाव म्हणत आलो.
त्याला चंद्र होता.

उधाणात झेली माझ्याकडे, थांबा चौदा.
भांगात तिच्याकडे, थांबा नऊ.
मोजलं, तर माझ्या चौकटींइतकंच भरलं,
फक्त कडा सरकत्या.
माझ्या मंगळवारच्या हॉकीचं काय, मी विचारलं.
"घेऊन जा तिला."
नेतो आता. तिला खेळ कळत नाही,
पंचाला शिव्या मात्र चोख देते.

डिसेंबरच्या चोवीस तारखेवर पेन्सिल अडली.
तिच्या आईकडची रापूर की माझ्या आईकडची,
किसलेला बटाटा तोच, कोंबडी तीच,
पण दोन्ही म्हाताऱ्या अजून जिवंत आहेत.
ती जागा कोरी ठेवलीय.
नोव्हेंबरात पुन्हा भांडू.

रविवारी दोघांनी मिळून झेलीला सांगितलं.
तिने पुस्तिका चाळली,
बोट फिरवत एक-दोन पानं मोजली
आणि विचारलं, मांजर कुणाबरोबर?
एवढ्या बुधवारांत
आम्हा दोघांपैकी एकालाही मांजर आठवलं नव्हतं.

बसमध्ये प्राण्यांना मनाई आहे.
पाटी मीच लावलीय, दारावर, मोठ्या अक्षरांत.

भांगाच्या पहिल्या दिवशी
नऊ नंबरला दार उघडलं, लाल दिवे लावले,
दोन्हीकडची वाहतूक थांबली.
पाठीवर दप्तर, हातात भोकं पाडलेलं खोकं,
ती रस्ता ओलांडून गेली.
ओडेट फाटकात होती. पाय कोरडे.
हात कुणी हलवला नाही, हलवायची पद्धत ठरली नव्हती.
मागून बुडरोंचं पोर ओरडलं, काका, चला की.

चार मिनिटं उशीर झाला.
उशिराचं कारण वहीत लिहावं लागतं.
मी लिहिलं: मांजर.