एकशे सतरा

मेळ्याच्या गाळ्यांची नोंदणी रात्री बाराला उघडली
आणि बारा वाजून चार मिनिटांनी
एकशे सतरा नंबरचा गाळा
दोन माणसांचा झाला.

मला हे सकाळी कळलं. फोनवर. आधी एक ओरडला, मग दुसरी.

गर्दी होईल म्हणून तीन सर्व्हर लावले होते.
नावं मीच ठेवलेली: कंपू, हजिरा, मुरार.
तिघांच्या मागे वही मात्र एकच,
दर गाळ्याला तिच्यात एक ओळ.

कंपूने वाचलं: एकशे सतरा, रिकामा.
मुरारने वाचलं: एकशे सतरा, रिकामा.
दोघांनी खरं तेच वाचलं होतं.
कंपूने लिहिलं, रफीक मन्सूरी, रजया.
मुरारने त्याच्यावरच लिहिलं, शीला कुशवाह, गजक.
वही दोन्ही वेळा हो म्हणाली.

दुपारपर्यंत लॉग चाळत बसले.
कुठेही लाल अक्षर नाही,
पानामागून पान नुसतं झालं, झालं, झालं.
वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये
चाळीस मिलिसेकंदांची एक बोळ होती,
तिच्यात आणखी कुणी शिरेल
हे मला सुचलंच नव्हतं.

मैदानावर गेले तेव्हा धुकं उठलं नव्हतं.
रजयांचा ढीग प्लास्टिकवर, गजकचे डबे विटांवर.
मन्सूरीने फोन पुढे केला,
"मैडम, बधाई लिखा है इसमें."
तो शब्द मीच घातला होता. कुशवाहबाईंच्या फोनातही तोच.
त्यांनी तोवर पाटीसाठी खिळा ठोकून घेतला होता.

संध्याकाळी खाली मोघेकाका मटार सोलत बसले होते.
जयेंद्रगंजच्या पोस्टात तीस वर्षं मनिऑर्डरी केलेला माणूस.
सगळं ऐकून घेतलं. एक दाणा तोंडात टाकला.
"आमच्या मोठ्या वहीला पेन दोरीनं बांधलेलं असायचं.
साहेबाला वाटे, चोरीला जाऊ नये म्हणून."
पुढे बराच वेळ काही नाही.
मग, "तीन खिडक्या, तीन कारकून. पेन एक."

रात्री मी कडी बसवली.
ओळ वाचायला घेतली की तिचं दार बंद,
लिहून होईपर्यंत बाकीच्यांनी बाहेर थांबायचं.

तासाभरात सगळंच थांबलं.
कंपू बारा नंबर धरून तेरा मागतोय,
हजिरा तेरा धरून बारा.
पाटणकर बाजारात दोन हातगाड्या समोरासमोर याव्यात
आणि मागे कुणीच सरू नये, तसं.
शेवटी वहीनेच हजिराला ढकलून बाहेर काढलं.
मग नियम लिहिला: जोडगाळा हवा असेल
तर लहान नंबर आधी धरायचा. सगळ्यांनी. नेहमी.
एवढ्या साध्या वाक्याला पहाटेचे साडेतीन झाले.

देवस्करांचा फोन: "साइट हळू झालीये."
म्हटलं, हो.
"किती?"
कुणीतरी थांबतं तेवढी, म्हणावंसं वाटलं.
एकशे ऐंशी मिलिसेकंद, म्हणाले.

गाळ्याचं काय करायचं ते समितीला ठरवता आलं नाही.
दोघांनी मध्ये दोरी बांधून तिच्यावर एक रजई टाकली,
डावीकडे तीळ, उजवीकडे कापूस.
वहीत अजून एकच नाव आहे, कुशवाहबाईंचं.
दुसऱ्यासाठी मी रकानाच केलेला नाही.

जानेवारीच्या शेवटी रजई घ्यायला गेले.
पावती लिहायला मन्सूरीने बाईंचं पेन मागितलं.
तो सावकाश लिहीत राहिला, गाळा क्रमांक, तारीख,
माझ्या नावाचं स्पेलिंग दोनदा विचारून.
बाई पलीकडून हात पुढे करून उभ्या,
आपल्या गिऱ्हाइकाला म्हणत,
रुको जरा भैया, पेन उधर है.