उकडलेला बटाटा चालेल?

रात्रीचे सव्वादहा.
पोट भरलेलं आहे. मटणाचा रस्सा, त्यात भोपळ्याची मोठी फोड,
वर पावाचा तुकडा, ताटली पुसून घ्यायला.
ढेकरसुद्धा येऊन गेला.
तरी हात फ्रिजच्या दाराला.

पुंता अरेनासमध्ये डिसेंबरात या वेळी
उजेड अजून खिडकीत रेंगाळत असतो,
निघतो निघतो म्हणत उंबऱ्यात उभ्या पाहुण्यासारखा,
आणि वारा असा, की पत्र्याचं छप्पर
रात्रभर स्वतःशीच कुरकुरतं.
मीही कुरकुरते. बरणी कुठे गेली?
मला माहीत आहे कुठे गेली.
मीच ठेवली, पिठाच्या डब्यामागे,
माझ्यापासून लपवून.

मानहार: दूध आणि साखर
आटवत आटवत तांबूस होईपर्यंत,
चमच्याला सोडता सोडत नाही असं.

दवाखान्यातली यास्ना, वयाने माझ्या भाचीएवढी,
मला काट्यावरून उतरवत म्हणाली,
"फ्रेसियाबाई, खावंसं वाटलं की
आधी स्वतःला विचारा, उकडलेला बटाटा चालेल?
चालेल म्हणालात, तर ती भूक.
नाही म्हणालात, तर पंधरा मिनिटं थांबा."

म्हणून टेबलावर एक बटाटा ठेवलाय,
चिलोए बेटावरचा, जांभळा, गाठीगाठींचा,
आईच्या अंगठ्यासारखा.
न्यायाधीश.
रोज सव्वादहाला आमची सुनावणी.
चालेन का मी?
नाही.
मग ही भूक नाही.
मग काय आहे हे, सांग ना मेल्या,
जिभेच्या मुळाशी बसून
हट्टी पोरासारखं टाचा आपटणारं?
बटाटा गप्प.
बटाट्याला डोळे असतात, तोंड नसतं.
सुटला बिचारा.

पंधरा मिनिटं फार लांब असतात.
ओटा पुसला. मोजे जुळवले, एक उरला.
पाणी प्यायले, त्याला पाण्याचीच चव.
सातव्या मिनिटाला आठवलं,
खेकड्यांच्या कारखान्यातली दुसरी पाळी
सुटून मी घरी पोचायचे, ती हीच वेळ.
आठ तास कवचं फोडून बोटांना काप,
केसांना, कोटाला, झोपेलाही तो वास,
आणि दारात माझी बहीण, ओदुलिया,
एका हातात बरणी, दुसऱ्यात दोन चमचे.
उभ्या उभ्याच खायचो. कोट न काढता.
कोण कुणाशी बोललं, मुकादम कसा घसरला,
हसता हसता चमचा दातांवर वाजायचा.

आईच्या घरावरून बोलणं तुटलं, त्याला नऊ वर्षं.
ती तिकडे वर, अंतोफागास्तात, वाळवंटाच्या कडेला.
तिथे पाऊस नाही,
असला वारा नाही,
मी नाही.

अकराव्या मिनिटाला फोन लावला,
बटाट्याकडे पाठ करून.
वाजला. वाजला. मग
"कोण?"
तोंड भरलेलं.
नऊ वर्षांनी पहिला शब्द, आणि तोही चिकट.
"काय खातेस?"
"काही नाही."
दातावर चमचा वाजला.
तो आवाज मी कुठेही ओळखीन.
"भूक लागली होती?"
बराच वेळ नुसतं गिळणं ऐकू आलं.
"नाही गं," ती म्हणाली. "तुला?"

असं नाही, की त्या रात्रीपासून खा-खा थांबली.
ओदुलिया आठवड्यातून एकदाच उचलते,
आणि घराचा विषय निघाला की तिला झोप येते.
बटाट्याला कोंब फुटलेत, दोन, फिकट.
अजून न्यायासनावरच आहे.
काही रात्री त्याचा निकाल मी मानते.
काही रात्री पिठाचा डबा सरकवते,
एक चमचा घेते, बसून, सावकाश,
आणि बरणीशेजारी दुसरा ठेवते,
कोरडा.