नववा कॅमेरा

अकरा कॅमेरे होते, त्यातले सात उसने.
एक क्रेनच्या हुकाला,
जिथं पूर्वी वितळल्या लोखंडाची लॅडल झुलायची.
एक समीना मुजावरच्या बास ड्रमच्या पोटाला, चिकटपट्टीनं.
एक चहा वाटणाऱ्या पोराच्या गळ्यात.
त्याला सांगितलेलं, तू फक्त चहा दे.
त्यानं फक्त चहा दिला.
त्याच्या फुटेजमध्ये एकही चेहरा नाही,
कागदी कप घेणारे हात आहेत, दोनशे बारा.

उद्यमनगरातली बंद फाउंड्री.
भट्टी थंड होऊन सहा वर्षं झालेली, तरी
पहिल्या गाण्याच्या पहिल्या ठोक्याला
छपराच्या पत्र्यावरून काळी वाळू गळली
गिटारवर, केसांत, लेन्सवर.
रंग बघणारा म्हणाला, डाग दिसतायत.
म्हटलं, असूदेत, पगार न घेता आलेत.

राजारामपुरीत, जिन्याखालच्या खोलीत
तीन महिने मी हा सिनेमा कापत बसले.
कापायचं म्हणजे काय,
समीनाचा डावा हात उजव्याच्या आधी पोचतो,
त्या अर्ध्या फ्रेमपायी रात्र जाते.

तिसऱ्या गाण्यात लाईट गेली.
आवाज सगळा एका मशीनवर, मशीन भिंतीच्या प्लगवर,
कॅमेऱ्यांचे माइक आम्हीच बंद ठेवलेले, शहाणे.
दहा कॅमेरे बॅटरीवर नुसता अंधार खात राहिले.
नववा पडला. धक्का कुणाचा, माहीत नाही.
आडवा पडून तसाच चालू,
आणि त्यात पाय:
कापशी चप्पल, सेफ्टी शूज,
अंगठ्याशी फाटलेला कॅनव्हास, एक अनवाणी,
मोबाईलच्या उजेडात वर-खाली, एका दमात.
आवाज नाही. चाळीस सेकंद.

हे गाळ, म्हणाले.
खाली हलगी टाक. समीनाला परत बसव, वाजवून घे.
घेतलं. लावून बघितलं.
साखर घातलेल्या गुळासारखं लागलं.
काढून टाकलं.

काल दाखवला, त्याच फाउंड्रीत, भिंतीला चुना मारून.
नववा आला. आवाज गेला.
प्रोजेक्टरवाला उठला केबल हलवायला,
तेवढ्यात मागून
टक्.
बंडा मिस्त्री, तीस वर्षं मोल्डर,
हातातली किल्ली मोल्डिंग बॉक्सवर.
टक्. टक्-टक्.
मग कुणाची टाच. मग ओळच्या ओळ.
भिंतीवर पाय, भिंतीखाली पाय,
वरनं वाळू.

मी सेकंद मोजत होते.
चाळीस झाले, समीनाचा ठोका परत आला
आणि यांच्या ठोक्याच्या
किंचित मागं पडला.

बाहेर मिस्त्रींनी गाठलं.
'बाई, त्या दिवशी मीबी हुतो की. दिसलो कुठं?'
नाही हो, अंधार होता.
'बरं.' चप्पल झटकली, वाळू निघाली.
'उद्या परत लावणार न्हवं?
हातोडा घिऊन येतो.'