सेलूच्या जिनिंगचा रोल

बारा फोटो. एवढंच काय ते.
म्हणून तीन दिवस कॅमेरा न नेताच गेलो.
वहीत लिहिलं: चिमणीची सावली
वजनकाट्यावर पावणेपाचला.
पत्रे उडालेत तिथून ऊन उतरतं
आणि गंजल्या चरकावर टेकतं.

जलीलमामू किल्ल्यांचा जुडगा वाजवत मागं मागं.
"कामून एवढं मोजायलात?
पाडणारच हायेत की."
लाल फिल्टर लावला. आभाळ काळं येईल, म्हटलं.
त्यांनी वर पाहिलं. चैताचं कोरडं निळं.
"ढग नसताना?"

आतला फोटो वीस सेकंदांचा.
हलू नका, म्हणालो.
गेटवर कुणीतरी हाक मारली.

नळाला पाणी नवव्या दिवशी. तोवर रोल
फ्रिजात, कोथिंबिरीशेजारी.
रसायनाला वीस अंश हवेत, टाकीतलं पाणी पस्तीस.
माठ रिकामा केला. सुलभा काही बोलली नाही,
फुलपात्र जरा जोरात ठेवलं.
मोरीच्या दाराला सतरंजी, फटीला जुनं धोतर,
बोटांनीच बघत रीळ भरलं.
अकरा मिनिटं. दर मिनिटाला उलटसुलट.
शेवटचं धुण्याचं पाणी संडासाच्या बादलीत.

मग दोरीवर, चिमट्याला, ओली पट्टी:
ऊन काळं.
अंधार काचेसारखा आरपार.
सरकीची धूळ काजळीसारखी तरंगतेय.
आठव्या चौकटीत मामू नाहीत.
नुसती किल्ल्यांची एक बारीक काळी रेघ,
चरकापासून दारापर्यंत.

प्रिंटवर ती पांढरी होईल.
ब्रशनं, शाईनं, मिटवता येते.
धूळ बसू नये म्हणून पंखा बंद ठेवलाय.
घाम पुसत बसलोय.